जर्मनीत लांडग्यांच्या पुनरागमनाने मेंढपाळ, शिकारी आणि वनमालकांपुढे नवा पेच

युरोपातील लांडग्यांना सुमारे चार दशके लाभलेले कडक कायदेशीर संरक्षण २०२५ मध्ये शिथिल करण्यात आले. वन्यजीवांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये स्वीकारण्यात आलेल्या बर्न करारातील लांडग्याचे स्थान ‘कडक संरक्षित’ या वर्गातून ‘संरक्षित’ या वर्गात आणण्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि तो ७ मार्च २०२५ पासून अमलात आला. त्यानंतर ८ मे २०२५ रोजी युरोपीय संसदेने ३७१ विरुद्ध १६२ मतांनी युरोपीय संघाच्या कायद्यातही तसाच बदल मान्य केला.

या बदलाचा अर्थ लांडग्यांच्या शिकारीस सरसकट परवानगी मिळाली, असा नाही. लांडग्यांची संख्या सुस्थितीत राखणे प्रत्येक सदस्य देशावर यापुढेही बंधनकारक आहे आणि पूर्वीचे कडक नियम कायम ठेवू इच्छिणाऱ्या देशांना तशी मुभा आहे. मात्र लांडगे मारण्याबाबतचा निर्णय घेणे सरकारांना पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

या प्रश्नावर सर्वाधिक तीव्र चर्चा जर्मनीत झाली. तेथील वाद बहुधा ‘लांडगा हवा की नको’ अशा सोप्या शब्दांत मांडला जातो. प्रत्यक्षात पेच वेगळा आहे. लांडग्यामुळे होणारे नुकसान ज्यांच्या पदरी पडते आणि त्याच्यापासून होऊ शकणारा लाभ ज्यांना मिळतो, ती माणसे एक नाहीत. नुकसान मेंढपाळाचे होते, लाभाची आशा वनमालकाला असते आणि या दोघांच्या मध्ये शिकारी उभा असतो. तिघांच्या हिशेबाच्या वह्या वेगळ्या असल्याने एकाची जमा दुसऱ्याच्या खर्चात वळती करता येत नाही.

शतकानंतरचे पुनरागमन

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लांडगे जवळजवळ पूर्णपणे नष्ट करण्यात आले. पूर्वेकडील लाउझिट्स प्रदेशात १९०४ मध्ये एक लांडगा मारला गेला. त्या भागातील लोकांना लांडगा पाहण्याची सवयच उरलेली नव्हती. पिंजऱ्यातून निसटलेला एखादा परदेशी हिंस्र पशू असावा, असा तर्क तेव्हा केला गेला आणि तो लांडगा ‘साब्रोड्टचा वाघ’ याच नावाने इतिहासात राहिला. पुढे पोलंडमधून अधूनमधून लांडगे येत. परंतु पूर्व जर्मनीच्या राजवटीत ते मारले जात. १९९० मधील एकीकरणानंतर संपूर्ण देशात लांडग्याला संरक्षण मिळाले.

इसवी सन २००० मध्ये त्याच लाउझिट्स प्रदेशातील एका लष्करी सरावक्षेत्रात लांडग्यांच्या पिलांचा जन्म झाल्याचे आढळून आले. रणगाडे आणि तोफांच्या आवाजाचे लांडग्यांना फारसे वावडे नसते. हरणे मुबलक असली आणि माणसांची व वाहनांची वर्दळ नसली की त्यांना पुरते. लष्करी क्षेत्रांत या दोन्ही गोष्टी होत्या. तेथून लांडगे पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे पसरत गेले. २०२३-२४ या निरीक्षण वर्षात देशभर लांडग्यांच्या २०९ टोळ्यांची आणि एकूण १,६०१ लांडग्यांची नोंद झाली. लांडग्यांची टोळी म्हणजे एक कुटुंबच असते. त्यात नर-मादी, त्या वर्षीची पिले आणि आदल्या वर्षीची वाढती पिले एकत्र राहतात. पिले मोठी झाली की नव्या प्रदेशाच्या शोधात बाहेर पडतात. जर्मनीचे क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडेसेच अधिक आहे, हे लक्षात घेतल्यास या संख्येची कल्पना येऊ शकते.

लांडग्यांची माणसांना भीती कितपत, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. गेल्या चाळीस वर्षांत युरोपात लांडग्याच्या हल्ल्यात मनुष्य मरण पावल्याची नोंद नाही, असे युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. वाद आहे तो उपजीविकेचा.

मेंढपाळांची अडचण

युरोपीय संघात लांडगे दरवर्षी किमान ६५,५०० पाळीव जनावरे मारतात, असा आयोगाच्या त्याच अहवालाचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश शेळ्या-मेंढ्या असतात. संघातील मेंढ्यांची एकूण संख्या सुमारे सहा कोटी असल्याने लांडग्यांमुळे होणारी हानी एकूण मेंढ्यांच्या ०.०६५ टक्के इतकीच भरते. लांडग्याच्या बाजूने बोलणारे हा आकडा नेहमी पुढे करतात. आकडा खोटा नाही. परंतु एका रात्रीत वीस मेंढ्या गमावणाऱ्या माणसाला देशाची किंवा खंडाची सरासरी काहीच सांगत नाही.

एका रात्रीत इतकी जनावरे का मारली जातात, याचे कारण लांडग्याच्या क्रौर्यात नसून कुंपणात आहे. रानात हरणाची शिकार करताना एक हरीण पडले की बाकीची पळून जातात आणि शिकार तेथेच संपते. कुंपणात कोंडलेल्या मेंढ्यांना पळायला वाट नसते. त्या लांडग्यासमोरच सैरावैरा धावत राहतात आणि धावणारे भक्ष्य दिसत असेपर्यंत लांडग्याची झडप थांबत नाही. आठ-दहा मेंढ्या मारून त्यांपैकी एखादीच खाल्ली गेल्याचे दृश्य सकाळी मेंढपाळाला दिसते, ते यामुळे.

जर्मनीत लांडग्यांनी मारलेल्या किंवा जखमी केलेल्या जनावरांची संख्या २०२२ मध्ये चार हजारांहून अधिक आणि २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक होती. त्यात बहुसंख्य मेंढ्या व शेळ्याच होत्या. मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई राज्य सरकारे देतात. तथापि, खरा खर्च भरपाईचा नाही. २०२२ मध्ये भरपाईपोटी सुमारे सहा लाख युरो देण्यात आले, तर कुंपणे, राखणीचे कुत्रे आणि तत्सम उपायांसाठी सरकारांनी दिलेली रक्कम १ कोटी ८० लाख युरोंहून अधिक होती. म्हणजे मेलेल्या मेंढीवर एक युरो खर्च होत असेल, तर जिवंत मेंढीच्या राखणीवर सुमारे तीस युरो खर्च होतात. कुंपण खरेदी करण्यास पैसे मिळतात. ते दररोज हलवण्याच्या, त्याखालचे गवत कापण्याच्या आणि वीजप्रवाह तपासण्याच्या श्रमाचा मोबदला मात्र सर्वत्र आणि पूर्ण मिळतोच असे नाही.

दख्खनच्या माळरानावर रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळे, लावून आणि कुत्री सोबत ठेवून राहणाऱ्या धनगरांना या उपायांत नवे काही वाटणार नाही. जर्मन मेंढपाळाचे कुंपणही जाळीचेच असते. फरक इतकाच की त्यातून वीज खेळवलेली असते. त्याची उंची किमान ९० सेंटीमीटर असावी, शक्यतो १२० सेंटीमीटर असावी, असे सांगितले जाते. लांडगा कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालची माती उकरून आत शिरणे पसंत करतो. त्यामुळे सर्वांत खालची तार जमिनीलगत असणे उंचीइतकेच महत्त्वाचे मानले जाते. एकदा तोंडाला विजेचा झटका बसलेला लांडगा बहुधा पुन्हा त्या वाटेला जात नाही. लांडगे एखाद्या भागात नव्याने येतात तेव्हा तेथील हल्ल्यांची संख्या वाढते आणि मेंढपाळांनी कुंपणे सुधारल्यावर ती अनेक ठिकाणी कमी होते, असा अनुभव आहे. टोळ्या दुप्पट झाल्या म्हणून नुकसान दुप्पट झाले, असे सर्वत्र दिसत नाही.

मात्र सर्वच जमिनी कुंपणाला अनुकूल नसतात. उत्तर समुद्राच्या किनारी समुद्राचे पाणी थोपवण्यासाठी मैलोन्मैल मातीचे बांध घातलेले आहेत. या बांधांवर मेंढ्या चरतात, त्या केवळ गवतासाठी नव्हे. मेंढ्यांच्या खुरांनी माती घट्ट दाबली जाते, गवत आखूड व दाट राहते आणि वादळात बांध टिकतो. शेकडो मीटर लांबीच्या, उताराच्या आणि लोकांच्या वर्दळीच्या बांधावर विजेचे कुंपण घालणे व्यवहारात फार अवघड आहे. राखणीचे मोठे कुत्रे ठेवावेत, तर पर्यटक आणि त्यांची पाळीव कुत्री यांच्याशी गाठ पडते. ल्यूनेबुर्गच्या माळावरील जांभळ्या झुडपांची विस्तीर्ण राने हे जर्मनीतील एक प्रसिद्ध निसर्गदृश्य आहे. तेही हाइडश्नुके जातीच्या मेंढ्या चरतात म्हणूनच टिकून आहे; मेंढ्या गेल्या तर काही वर्षांत तेथे जंगल वाढेल. तेव्हा निसर्गरक्षणाच्या नावाने लांडगा राखला जातो आणि त्याच निसर्गरक्षणासाठी मेंढीही आवश्यक असते, अशी ही गुंतागुंत आहे.

या व्यवसायाची आर्थिक स्थिती आधीपासूनच नाजूक आहे. केवळ मेंढपाळीवर उपजीविका करणारे लोक जर्मनीत सुमारे एक हजारच उरले आहेत. लोकर विकून येणाऱ्या पैशांत अनेकदा लोकर कापणाऱ्याची मजुरीही निघत नाही. उत्पन्नाचा मोठा भाग माळराने व बांध चरून राखण्याबद्दल सरकारकडून मिळणाऱ्या रकमेचा असतो. अशा व्यवसायात रोज दोन तासांचे वाढीव काम आले, तर पुढची पिढी त्यात येईल काय, हा मेंढपाळांचा प्रश्न आहे आणि त्याला टक्केवारीने उत्तर देता येत नाही.

शिकारीचा हक्क आणि हरणांची संख्या

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. त्यामुळे शिकाऱ्याला या वादात अधिकृत स्थान कसे, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडू शकतो. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला आहे. ७५ हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्या मालकांची मिळून गावोगावी शिकारविषयक मंडळे असतात. ही मंडळे शिकारीचा हक्क काही वर्षांच्या कराराने भाड्याने देतात. परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. करार घेणारा शिकारी भाडे भरतोच; शिवाय रानडुकरांनी मक्याची किंवा बटाट्याची नासधूस केली, तर त्याची भरपाई देण्याची जबाबदारीही बहुतेक वेळा करारान्वये त्याच्याकडे येते. हरणे किती असावीत आणि किती मारावीत, हा त्याच्या दृष्टीने हौसेचा तसाच पैशाचाही विषय आहे.

लांडगा नेमके काय खातो, याचा अभ्यास ग्योर्लिट्झ येथील सेंकेनबर्ग संग्रहालयाच्या संशोधकांनी दीर्घकाळ केला. लांडग्यांच्या विष्ठेतील केस, हाडांचे तुकडे आणि खुरांचे अवशेष तपासून त्यांनी आहाराचे प्रमाण काढले. लाउझिट्समधील लांडग्यांच्या आहारात अर्ध्याहून अधिक वाटा ‘रो’ या लहान हरणाचा आढळला. हे हरीण साधारणपणे भारतातील भेकराएवढे असते. त्यानंतर लाल हरीण आणि रानडुकराची पिले यांचा क्रम लागतो. पाळीव जनावरांचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास होता. मेंढपाळाचे सर्वस्व पणाला लागते, ते लांडग्याच्या आहारातील या अगदी लहान भागासाठी.

लांडगे आपल्या वाट्याची हरणे संपवतील, अशी शिकाऱ्यांची तक्रार असते. याबाबत एक ढोबळ गणित मांडता येते. एका लांडग्याला दररोज सरासरी तीन-चार किलो मांस लागते असे धरले आणि त्यातील निम्मे रो हरणाचे धरले, तर नोंद झालेले सुमारे १,६०० लांडगे वर्षभरात काही दहा हजार रो हरणे खातात. जर्मनीतील शिकारी दरवर्षी मारतात त्या रो हरणांची संख्या मात्र बारा लाखांच्या आसपास आहे. देशाचा विचार केल्यास हरणांचा प्रमुख भक्षक बंदूकधारी माणूसच आहे. अर्थात लांडगे सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत. ज्याच्या करारक्षेत्रात एक टोळी वावरते, त्याला हा राष्ट्रीय हिशेब मेंढपाळाला दिलेल्या सरासरीइतकाच निरुपयोगी वाटेल.

शिकाऱ्यांच्या तक्रारीतील एक भाग निर्विवाद आहे. लांडगे आल्यावर हरणांचे वागणे बदलल्याचे अनेक शिकारी सांगतात. ती सावध होतात, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी दिसत नाहीत, लाल हरणे मोठे कळप करून राहतात. मचाणावर बसणाऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक रात्री घालवाव्या लागतात. आणि एका प्राण्याच्या बाबतीत तर लांडग्याने खरोखरच सगळे संपवले. तो प्राणी म्हणजे मूफ्लॉन ही रानमेंढी. मूळची कॉर्सिका व सार्डिनिया बेटांवरील ही मेंढी विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकारीसाठी जर्मनीत आणण्यात आली. संकट आले की उभ्या खडकांवर चढून जायचे, एवढाच बचाव तिला ठाऊक. सपाट मैदानी जंगलात खडकच नव्हते. लाउझिट्समधील आणि लोअर सॅक्सनीतील ग्योर्डे जंगलातील मूफ्लॉनचे कळप लांडग्यांच्या आगमनानंतर नाहीसे झाले. ती मूळची तेथील नव्हतीच, असे निसर्गप्रेमी म्हणतात. ज्यांच्या आजोबांनी हे कळप जोपासले, त्यांना ते पटत नाही.

रोपांचे शेंडे कोण खातो

वनमालकाची तक्रार लांडग्याविषयी नसून हरणांविषयी आहे. जर्मनीचा सुमारे एकतृतीयांश भूभाग वनाखाली आहे आणि त्यातील जवळजवळ निम्मे वन खासगी मालकीचे आहे. २०१८ ते २०२० या वर्षांतील दुष्काळ आणि त्यापाठोपाठ सालीत शिरणाऱ्या किड्यांचा उपद्रव यांमुळे स्प्रूस वृक्षांची मोठमोठी राने उभ्या उभ्या वाळली. पाच लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्रावर पुन्हा जंगल उभे करण्याची वेळ आली. पुन्हा एकाच जातीची झाडे लावण्याची चूक टाळून ओक, मॅपल, सिल्व्हर फर अशा विविध जातींचे मिश्र वन वाढवावे, असे धोरण आहे.

अडचण अशी की, हरणांची आवड आणि वनखात्याचे धोरण यांचा मेळ बसत नाही. रो हरीण कोवळ्या रोपांचे शेंडे निवडून खाते आणि त्यातही ओक, मॅपल व सिल्व्हर फर यांना प्राधान्य देते. स्प्रूसला ते सहसा तोंड लावत नाही. शेंडा खाल्लेले रोप मरतेच असे नाही. पण ते खुजे राहते आणि दोन-तीनदा तसे घडले की शेजारचे स्प्रूस त्याच्या डोक्यावरून वाढते. परिणामी लावताना मिश्र असलेले वन वीस वर्षांनी पुन्हा एकजातीय होऊ लागते. लाल हरीण याहून वेगळी हानी करते. ते उभ्या झाडाची साल सोलते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि खोडाचा सर्वांत किमती भाग कुजतो. या सर्वांवर कुंपण हाच उपाय असतो आणि तो खर्चिक आहे. मेंढपाळ लांडग्यापासून मेंढ्या राखण्यासाठी कुंपण घालतो, तर वनमालक हरणांपासून रोपे राखण्यासाठी.

लांडगा आला की हरणे कमी होतील आणि रोपे वाढतील, ही कल्पना म्हणूनच वनमालकांना आकर्षक वाटते. जेथे लांडगा फिरतो तेथे जंगल वाढते, अशा अर्थाची म्हण पूर्व युरोपात प्रचलित आहे. तिच्यात किती तथ्य आहे, हे मात्र ठिकाणागणिक बदलते. पोलंडमधील बियावोविएझा या प्राचीन जंगलात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, लांडग्यांच्या वावराच्या केंद्रभागात आणि विशेषतः पडलेल्या ओंडक्यांजवळ रोपांची चराई कमी होती. ओंडक्यांमुळे पळण्याची वाट अडते, म्हणून हरणे तेथे थांबत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये १९७१ पासून लिंक्स या रानमांजराच्या कुळातील प्राण्याला पुन्हा आणून सोडण्यात आले. तेथेही लिंक्सची संख्या वाढलेल्या काही भागांत सिल्व्हर फरच्या रोपांवरील चराई घटल्याचे आढळले.

याउलट, या विषयातील सर्वांत गाजलेल्या उदाहरणाबद्दल आता अधिक सावधपणे बोलले जाते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले. त्यांच्यामुळे हरणे घटली, विलोची झुडपे वाढली आणि नद्यांचे काठही सावरले, अशी कथा जगभर सांगितली गेली. तथापि, वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लांडग्यांच्या पुनरागमनानंतरही बहुतांश ठिकाणी विलोंची वाढ अपेक्षेपेक्षा बरीच कमी असल्याचे त्यातून दिसून आले. भक्षक दीर्घकाळ नाहीसा झाल्यावर बिघडलेली घडी तो परत आला म्हणून आपोआप बसत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जर्मनीतील जंगल तर शेती, रस्ते आणि गावे यांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेले आहे. शेतातील पिकांवर पोसली जाणारी हरणे वर्षाला बारा लाख मारली जाऊनही संपत नाहीत, तेथे लांडग्याने एकट्याने जंगल वाढवावे, ही अपेक्षा फार मोठी वाटते. काही ठिकाणी, काही जातींच्या रोपांना त्याची मदत होऊ शकेल, इतके म्हणता येते. शिवाय तो लाभ दिसायला वीस-तीस वर्षे लागतील. मेंढपाळाचे नुकसान मात्र एका रात्रीत होते.

गोळीने प्रश्न सुटेल काय

सप्टेंबर २०२२ मध्ये हॅनोव्हरजवळ युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायेन यांच्या कुटुंबाचे तट्टू लांडग्याने मारले. त्यानंतर युरोपीय पातळीवरील हालचालींना वेग आल्याची टीका झाली. त्या घटनेचा धोरणावर किती परिणाम झाला, याबाबत मतभेद आहेत. मात्र मेंढपाळांच्या संघटना त्याआधी कित्येक वर्षे नियम शिथिल करण्याची मागणी करीत होत्या, हेही तितकेच खरे.

डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीतील राज्यांच्या व केंद्राच्या पर्यावरणमंत्र्यांनी एक तोडगा मान्य केला. लांडग्यांच्या उपद्रवाने त्रस्त भागात सुरक्षित कुंपण ओलांडून हल्ला झाल्यास पुढील २१ दिवस त्या कुरणापासून एक हजार मीटरच्या आत दिसणारा लांडगा मारण्याची मुभा देता यावी, असा तो होता. हल्ला केलेल्या ठिकाणी तोच लांडगा परत येण्याची शक्यता अधिक, हा त्यामागील तर्क. तरीही काही परवानग्या न्यायालयांत अडकल्या. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीच्या करारात लांडग्याचा समावेश राष्ट्रीय शिकार कायद्यात करण्याचे कलम घालण्यात आले.

कुंपणावर नेमका झेपावणारा लांडगा मारला, तर त्या कळपाचा उपद्रव थांबू शकतो, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो संख्या कमी करण्यासाठी सरसकट शिकार करण्याबाबत. स्लोव्हाकियात अनेक वर्षे लांडग्यांच्या शिकारीचा वार्षिक कोटा ठरवून दिला जात असे. त्या काळातील आकडेवारी तपासली असता, जेथे अधिक लांडगे मारले गेले तेथे पाळीव जनावरांची हानी घटल्याचा पुरावा संशोधकांना मिळाला नाही. टोळीतील अनुभवी नर किंवा मादी मारली गेल्यास टोळी फुटते आणि पोरके तरुण लांडगे सोप्या भक्ष्याकडे वळतात, अशीही शक्यता काही तज्ज्ञ वर्तवतात.

सॅक्सनी राज्याने लांडग्याचे नाव २०१२ मध्येच आपल्या शिकार कायद्यात घातले होते. त्याबरोबर लांडग्यासाठी वर्षभराचा शिकारबंदीचा काळही लागू करण्यात आला. शिकाऱ्यांना कागदावर हक्क मिळाला आणि बंदूक मात्र खांद्यावरच राहिली. त्या राज्यातील मेंढपाळ तेव्हाही संध्याकाळी कुंपणातील वीजप्रवाह तपासूनच घरी जात होते.